संध्याकाळी पाचची धून

ऑगस्टमधल्या एका उकाड्याच्या दुपारी, डोंगरांच्या कुशीतल्या एखाद्या जपानी गावात एक परदेशी तरुण शिक्षक दोन बॅगा घेऊन उतरतो. त्याला भाषा येत नाही. दुकानावरच्या पाट्या वाचता येत नाहीत, दुधाची पिशवी कोणती आणि ताकाची कोणती हेही उमगत नाही. तो खोलीची खिडकी उघडून बसतो, आणि पाच वाजता खांबावरच्या भोंग्यांतून एका बालगीताची संथ धून साऱ्या खोऱ्यात घुमू लागते. गावात आज काही उत्सव असावा, असे त्याला वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ आणि तीच धून. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात येते, की खेळणारी मुले ही धून ऐकून घरी वळतात आणि शेतातल्या आजीबाई कंबर सरळ करून खुरपे धुऊ लागतात.

भूकंप, पूर, त्सुनामी यांची सूचना देण्यासाठी जपानमधल्या गावोगावी ध्वनिक्षेपकांची यंत्रणा उभारलेली असते. ती चालू आहे ना, याची रोजची तपासणी म्हणजे ही धून. पुष्कळ गावांत ती ‘युयाके कोयाके’ या सूर्यास्ताच्या बालगीताची असते. संकटाच्या यंत्राची चाचणी घ्यायची, पण ती कर्कश शिट्टीने घ्यायची नाही, ही कल्पनाच मोठी सुसंस्कृत आहे. त्याच भोंग्यांवरून अधूनमधून, अवेळी, एक हळू आवाजातली घोषणाही होते. तिचा अर्थ कळायला या शिक्षकाला सहा-आठ महिने लागतात. तिच्याकडे आपण मागाहून येऊ.

हे शिक्षक तेथे कसे पोचतात, ते आधी पाहू. १९८७ साली जपान सरकारने ‘जेट’ या नावाने ओळखला जाणारा एक कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या ४ देशांतून ८४८ तरुण आले. त्यानंतर आजवर सत्तर हजारांहून अधिक लोक या वाटेने जपानला जाऊन आले आहेत. त्यांतले बहुतेक शाळांमध्ये साहाय्यक इंग्रजी शिक्षक असतात. वर्गाची सूत्रे जपानी शिक्षकाकडे असतात. परदेशी साहाय्यकाने उच्चार शिकवायचे, खेळ घ्यायचे, मुलांची भीड मोडायची. करार एका वर्षाचा असतो आणि फार तर पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. खाजगी भाषावर्गांतून आणि कंत्राटी कंपन्यांमार्फत येणारे शिक्षक निराळे. त्यांना प्रायः शहर मिळते. ‘जेट’च्या शिक्षकाला मात्र बेट, मच्छिमारांचे बंदर किंवा बर्फात बुडणारे खेडे, काहीही मिळू शकते.

जपानच्या लोकसंख्येत पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे २९ टक्के आहे. खेड्यांत ते याहून पुष्कळ अधिक, कारण तरुण पिढी शिक्षण आणि नोकरीसाठी शहरांकडे गेलेली. म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचा हा परका मुलगा किंवा मुलगी ज्या गल्लीत राहायला येते, तेथे शेजारी बहुधा सत्तरीचे, ऐंशीचे. नेमणूक झालेली असते मुलांना शिकवायला. सहवास घडतो तो वृद्धांचा. हा योग कोणत्याही करारपत्रात लिहिलेला नसतो, आणि त्याविषयीच हे लिहायचे आहे.

एका जुन्या इंग्रजी शिक्षकाची आठवण येथे अपरिहार्य आहे. लाफकॅडिओ हर्न १८९० साली जपानला पोचला आणि मात्सुए या गावी शिकवू लागला, तेव्हा तो चाळिशीचा होता. एका डोळ्याची दृष्टी त्याने सोळाव्या वर्षीच गमावली होती. दुसरा डोळाही अधू होता. मात्सुएचा पहिलाच हिवाळा त्याला सोसला नाही, तो आजारी पडला. घर सांभाळायला सेत्सू नावाची, सामुराई घराण्यातली पण आता गरिबीत दिवस काढणारी तरुणी आली. पुढे तीच त्याची पत्नी झाली. तिच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा भारही या परदेशी मास्तराने आपल्या पगारावर घेतला. थंडीला कंटाळून १८९१ च्या अखेरीस तो दक्षिणेकडे कुमामोतोला गेला, १८९६ मध्ये कोइझुमी याकुमो हे नाव घेऊन जपानचा नागरिक झाला आणि टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. सेत्सू त्याला जुन्या गोष्टी सांगे. पुस्तकातून वाचू नकोस, तुझ्या शब्दांत सांग, असा त्याचा आग्रह असे. त्या गोष्टींवरच त्याची पुढची कीर्ती उभी राहिली. १९०४ साली, चौपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

हर्नला जी थंडी बाधली, ती आजच्या शिक्षकालाही गाठतेच. जुन्या जपानी घरांना भिंती पातळ, खिडक्या सैल. घर सगळे तापवण्याची चाल नाही; माणूस जेथे बसला असेल तेवढीच जागा तापवायची. त्यासाठी ‘कोतात्सु’ असते: बुटके मेज, त्याच्या पोटाशी विजेची शेगडी आणि वरून जाड रजई. पाय आत घालून बसले की उठवत नाही. शेजारच्या आजी मात्र बजावतात, की त्यात झोपू नकोस, सर्दी होईल. (‘आजी’साठी तिथला शब्द ‘ओबाआसान’. यातला ‘बा’ लांबवला नाही तर त्याची मावशी किंवा आत्या होते. नवखा शिक्षक ही चूक करतोच, आणि म्हणे त्या चुकीने ऐंशीच्या बाई रागावत नाहीत, उलट खुलतात.)

थंड घर आणि कढत स्नान यांच्या जोडीत मात्र खरा धोका दडलेला आहे, आणि आमच्या वाचकांनी तो नीट समजून घ्यावा असा आहे. जपानी माणूस संध्याकाळी अंग आधी बाहेर स्वच्छ धुतो आणि मग गळ्यापर्यंत गरम पाण्याच्या टबात बसतो. कपडे उतरवण्याची जागा गारठलेली असली की रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. गरम पाण्यात उतरल्यावर त्या सैलावतात आणि दाब उतरतो. त्यातून झटकन उभे राहिले की भोवळ येते, आणि टबात शुद्ध हरपली तर माणूस बुडतो. पासष्टीपुढच्या जपानी लोकांत टबात बुडून होणारे मृत्यू रस्त्यावरच्या अपघातांतील मृत्यूंपेक्षा अधिक आहेत. तेथील सरकारी यंत्रणा दर हिवाळ्यात त्याच सूचना पुन्हा देते: कपडे बदलण्याची जागा आधी उबदार करावी, पाणी ४१ अंशांहून अधिक गरम नसावे, दहा मिनिटांच्या आत बाहेर यावे, सावकाश उठावे, जेवणानंतर लगेच किंवा मद्य घेऊन स्नानाला जाऊ नये. आणि सर्वांत साधी सूचना म्हणजे स्नानाला जाताना घरातल्या कोणाला तरी सांगून जावे. आपल्याकडे टबाची चाल नाही. पण पहाटेच्या थंडीत गारठलेल्या न्हाणीघरात शिरून कढत पाणी घेणारे ज्येष्ठ घरोघरी आहेत, आणि आतून कडी लावण्याची सवयही तितकीच पक्की. एकट्या राहणाऱ्या शिक्षकाला सांगायला घरात कोणी नसते. एकट्या आजींनाही नसते.

शाळेचा दिवस मात्र भरगच्च. दारात बूट काढून आतले बूट घालायचे. दुपारच्या जेवणाला डबा नसतो. १९५४ च्या कायद्याने शालेय भोजनाला बैठक मिळाली. आहारतज्ज्ञ आठवड्याचे पदार्थ ठरवतो, पांढरे डगले आणि टोप्या घातलेली मुले वाढतात, आणि मुलांच्या आधी मुख्याध्यापक अन्न चाखून पाहतात. शिक्षक वर्गातच, मुलांबरोबर, तेच अन्न जेवतो. ‘इतादाकिमासु’ म्हणजे ‘नम्रतेने स्वीकारतो’ असे म्हटल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. शाकाहाऱ्याची पंचाईत इथेच होते: वरवर निव्वळ भाजीचे दिसणारे सूपही बहुधा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात शिजलेले असते. जेवणानंतर मुले झाडू-फडकी घेऊन शाळा स्वच्छ करतात आणि शिक्षकही गुडघे टेकून जमीन पुसतो.

जपानी आहार म्हणजे दीर्घायुष्याची किल्ली, असे आपण ऐकत आलो आहोत. ते अर्धेच खरे. शेजारणी जी लोणची प्रेमाने आणून देतात आणि जे मिसोचे सूप रोज असते, त्यांत मीठ पुष्कळ. नागानो हा डोंगराळ प्रांत आज दीर्घायुष्यासाठी नावाजला जातो. एके काळी तो पक्षाघाताच्या मृत्यूंसाठी कुप्रसिद्ध होता. तेथे स्वयंसेवक महिलांनी घरोघरी जाऊन सुपातले मीठ मोजले आणि सवयी बदलवल्या. आयुष्य वाढले ते परंपरा जशीच्या तशी जपून नव्हे, तिला थोडे खोडून.

परक्या शिक्षकाला गल्लीचा भाग बनवणारी वस्तू फार क्षुल्लक असते. ती म्हणजे ‘काइरानबान’, घरोघर फिरणारा सूचनांचा पॅड. आपली मुले परीक्षेला नेतात तसाच. त्याला चिमट्यात कागद अडकवलेले: कचरा कोणत्या वारी कोणता, आग विझवण्याची कवायत कधी, आरोग्य तपासणीची गाडी कोठे थांबणार, गल्लीत कोणाचे निधन झाले. वाचायचे, आपल्या नावापुढे खूण करायची आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचा. शिक्षकाला त्यातले एक अक्षर वाचता येत नसले, तरी पॅड पुढे न्यावाच लागतो. आणि नेला की दार वाजवावे लागते. दार वाजले की आजी बाहेर येतात. बाहेर आल्या की दोन मुळे, चार संत्री किंवा काही पर्सिमोन हातात पडतात. नमस्कार होतो, हवेविषयी एक वाक्य होते. महिन्यातून दोन-तीनदा घडणारी ही एवढीच देवघेव. पण ज्या घरी आठवडाभर दुसरे कोणी फिरकत नाही, तेथे दार उघडले गेले, माणूस उभा दिसला, बोलला, एवढी खबर त्यातून गल्लीला मिळत असते.

उन्हाळ्याच्या सुटीत सकाळी साडेसहाला असाच मेळा मैदानावर भरतो. १९२८ पासून जपानच्या रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम आहे. युद्धानंतर तो बंद पडला आणि १९५१ मध्ये आजच्या रूपात परत आला. पियानोच्या साथीवर तेरा साध्या हालचाली, जेमतेम तीन मिनिटांच्या. मुले गळ्यात कार्ड अडकवून येतात आणि हजेरीचा शिक्का घेतात. त्यांच्या मागे आजोबा-आजी. दूरचित्रवाणीवरच्या व्यायामात एक जण खुर्चीत बसून त्याच हालचाली दाखवतो, कारण सर्वांनाच उभे राहता येत नाही. परदेशी शिक्षक सर्वांच्या मागे, अर्धवट झोपेत, डावा हात वर करायचा तेथे उजवा करतो. मुले हसतात. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

संध्याकाळी गावच्या सभागृहात प्रौढांचा इंग्रजी वर्ग असतो. त्यात बहुतेक निवृत्त मंडळी. कोणाचा नातू परदेशात, कोणाला प्रवासाला जायचे, कोणाला नुसते घराबाहेर पडायचे. पाठ्यपुस्तक विमानतळावरच्या संवादाचे असते, पण संभाषण लवकरच गुडघ्यांवर, मोतीबिंदूवर आणि डॉक्टरांच्या तारखांवर येते. ‘इकिगाई’ या शब्दावर वर्तुळांच्या आकृत्या काढणारी पुस्तके आपल्याकडेही खपतात. शब्द खरा साधा आहे: जगण्यात गोडी ठेवणारी गोष्ट. ती मुळ्याचा वाफा असू शकते किंवा बुधवारचा इंग्रजीचा तासही.

आता ती अवेळी होणारी घोषणा. भाषा थोडी कळू लागल्यावर एके संध्याकाळी शिक्षकाला त्यातले शब्द सुटे ऐकू येतात: वय, उंची, करड्या रंगाचा स्वेटर, सकाळपासून घरी परतलेल्या नाहीत, दिसल्यास कळवावे. स्मृतिभ्रंश झालेली कोणी वृद्ध व्यक्ती वाट चुकली आहे आणि सारे गाव तिला शोधते आहे. इतके दिवस जो आवाज त्याने पावसाच्या आवाजासारखा कानाआड केला, तो हा होता. त्या दिवसापासून तो भोंगा वाजला की सायकल थांबवून ऐकू लागतो.

या आजाराबाबत जपानने जे केले, ते शुश्रूषा करणाऱ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे. २००४ मध्ये तेथे आजाराचे जुने, हिणवणारे नाव बदलून ‘निन्चिशो’ हे नवे नाव दिले गेले. २००५ पासून सामान्य नागरिकांसाठी सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण सुरू झाले: गोंधळलेल्या वृद्धाला समोरून, हळू, एकट्याने बोलावे, घेराव घालू नये, चूक दाखवू नये. प्रशिक्षण घेतलेल्याला नारिंगी रंगाचे कडे देण्याची प्रथा पडली. बँकेतले कारकून, बसचालक आणि शाळकरी मुलेसुद्धा हे शिकली; त्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. ओमुता या शहरात तर वाट चुकलेल्या माणसाचा शोध कसा घ्यावा, याची आगीच्या कवायतीसारखी कवायत होते. माणूस हरवला ही त्या घराची लाज नसून गावाचे काम आहे, असे मानले की भोंग्यावरून सांगताना घरच्यांना मान खाली घालावी लागत नाही. आपल्याकडे अजून कित्येक घरांत ही गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवली जाते, आणि लपवण्यात गेलेले ते पहिले दोन तासच मोलाचे असतात.

सुट्या लागल्या की हे शिक्षक प्रवासाला निघतात. वेगवान रेल्वे महाग. म्हणून ते ‘सेइशुन जूहाची’ नावाचे तिकीट काढतात, म्हणजे ‘तारुण्य अठरा’. ते फक्त सावकाश जाणाऱ्या साध्या गाड्यांना चालते. नाव तारुण्याचे असले तरी वयाची अट नाही, आणि डब्यात शेजारी बसलेले, मांडीवर जेवणाचा डबा उघडलेले निवृत्त गृहस्थही त्याच तिकिटावर फिरत असतात. कोणी मात्सुयामाला जाऊन दोगो येथील १८९४ सालच्या लाकडी स्नानगृहात बसतो. त्या गावात नात्सुमे सोसेकी १८९५ मध्ये इंग्रजी शिकवत होता. हर्ननंतर टोकियोच्या विद्यापीठात त्याच्या जागी तोच आला.

मात्सुयामा ज्या शिकोकू बेटावर आहे, तेथेच ८८ मंदिरांची सुमारे १,२०० किलोमीटरची प्रदक्षिणा आहे, कोबो दाइशी या आठव्या-नवव्या शतकातील बौद्ध आचार्यांच्या नावाची. पायी चालायला दीड महिना लागतो. यात्रेकरूचा वेष पांढरा, कारण पूर्वी वाटेत मरण आले तर तोच कफन व्हायचा आणि हातातली काठी थडग्यावर रोवली जायची. ती काठी म्हणजे स्वतः आचार्य. म्हणून एकट्या चालणाऱ्याच्याही टोपीवर ‘दोघे मिळून चाललो’ अशा अर्थाची अक्षरे असतात. वाटेवरचे गावकरी अनोळखी यात्रेकरूला फळे, चहा, कधी नाणी देतात, आणि ती नाकारायची नसतात. वारीच्या वाटेवरचा पाहुणचार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शिक्षकाला सलग रजा नसते, तेव्हा तो या सुटीत दहा मंदिरे, पुढच्या सुटीत दहा, असे तुकडे करतो. गुडघे दुखणारे यात्रेकरूही तसेच करतात. कोणी बसने जातात. तुकड्यांनी केलेली यात्राही पूर्णच धरली जाते.

त्याच बेटावर इया खोऱ्यात नागोरो नावाचे गाव आहे. आयानो त्सुकिमी या बाई वडिलांची देखभाल करायला ओसाकाहून तेथे परतल्या. बियाणे टिपणाऱ्या पाखरांसाठी त्यांनी एक बुजगावणे केले, ते दिसायला वडिलांसारखे झाले. मग गावातले जे गेले, त्यांच्या बाहुल्या त्या करत राहिल्या. आज गावात माणसे तीसच्याही आत आणि बाहुल्या त्यांच्या कितीतरी पट. शाळा २०१२ मध्ये बंद झाली. बाकांवर बाहुल्या बसल्या आहेत आणि फळ्यापाशी बाहुलीच शिक्षक आहे. मुलांना शिकवायला आलेला माणूस त्या वर्गाच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, याची कल्पना करवत नाही.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भोंग्यांनी धून वाजवली नाही, इशारा दिला. इशिनोमाकीतली अमेरिकन शिक्षिका टेलर अँडरसन, वय २४, मुलांना पालकांच्या स्वाधीन करेपर्यंत शाळेत थांबली आणि मग सायकलवरून घराकडे निघाली. त्सुनामीने तिला वाटेत गाठले. रिकुझेनताकाता येथे अलास्काचा माँटी डिक्सन, वय २६, त्याच दिवशी गेला. टेलरच्या आई-वडिलांनी मुलीच्या नावे निधी उभारून तेथील शाळांना पुस्तके आणि पुस्तकांची कपाटे दिली. कपाटे करणाऱ्या स्थानिक सुताराने त्याच लाटेत स्वतःची तिन्ही मुले गमावली होती.

एवढे मोठे दुःख सर्वांच्या वाट्याला येत नाही. रोजचे असते ते लहान, पण चिकट. शेजारच्या आजींच्या दारातला बर्फ फावड्याने उपसताना मनात येते, की आपल्या आजीच्या दारातला बर्फ आज कोणी काढला असेल? घड्याळातल्या अंतरामुळे आईचा फोन पहाटे येतो किंवा मध्यरात्री. ती ‘सगळे ठीक’ म्हणते आणि तोही ‘सगळे ठीक’ म्हणतो. ज्यांची मुले दूरदेशी आहेत, त्या आमच्या वाचकांना हा संवाद पाठ असेल. दूर गेलेले मूल तिकडे कोणा वृद्धाच्या उपयोगी पडत असेल, हे समाधान पुरेसे नसते, आणि त्याने ते पुरेसे आहे असे समजावूही नये. तरी त्यात काहीच नाही, असेही म्हणता येत नाही.

करार संपतो तेव्हा पुन्हा जुलैअखेर किंवा ऑगस्ट असतो. खोली नव्या शिक्षकासाठी रिकामी करायची असते. जाणारा माणूस येणाऱ्यासाठी टेबलावर सूचनांचा कागद ठेवून जातो: रॉकेलचा हीटर कसा लावावा, प्लास्टिकचा कचरा कोणत्या वारी, गळणारा नळ कोणता. आणि शेवटी अशासारखी एखादी ओळ असते, की पॅड उजवीकडच्या घरी द्यायचा, टपालपेटीत टाकून येऊ नये. दार दोनदा वाजवावे, आजींना कमी ऐकू येते, त्या येईपर्यंत थांबावे.